बटनवाल्या फोनचा डिस्प्ले काढून प्रोजेक्टला कसा लावायचा

मोबाइल रिपेअरिंगच्या कुठल्याही दुकानात काउंटरखाली एक डबा असतो. फुटके फोल्डर (म्हणजे काचेसकट स्क्रीन), उखडलेले चार्जिंग जॅक आणि कुणीतरी 'नंतर नेतो' म्हणून सोडून गेलेले बटनवाले फोन असं सगळं त्यात कोंबलेलं असतं. त्या डब्यात हात घातला की नजर आधी जाते ती मोठ्या, चकचकीत स्मार्टफोन स्क्रीनवर. माझीही तिकडेच गेली होती. फुल एचडी स्क्रीन फुकटात मिळते आहे, मग का सोडा? ती स्क्रीन आजही माझ्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून पडली आहे. त्याच डब्यातून उचललेला नोकिया ३३१० चा इवलासा काळा डिस्प्ले मात्र स्वयंपाकघरात ओट्याच्या वर लागला आहे आणि गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलंय ते सांगतो आहे.

ज्यांनी आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवून पाहिला आहे, सोल्डरिंग आयर्न हातात धरलं आहे, पण फोनच्या डिस्प्लेला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सगळा भर साध्या फोनवर आहे. स्मार्टफोनच्या स्क्रीनचं काय करायचं तेही शेवटी येईल.

काच नव्हे, चिप बघा

डिस्प्ले हातात घेऊन उजेडात तिरका धरा. काचेच्या एका कडेला तांदळाच्या दाण्याहून लांब आणि काडीइतकी बारीक चिप थेट काचेवर चिकटवलेली दिसेल. हा कंट्रोलर. आपण पाठवलेले आकडे तो आपल्या मेमरीत ठेवतो आणि त्यानुसार एकेक ठिपका काळा-पांढरा किंवा रंगीत करतो. आपलं बोलणं होतं ते या चिपशी. ती कोणती आहे आणि तिची डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) मिळते का, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असतील तर डिस्प्ले उपयोगाचा. नसतील तर तो कितीही देखणा असो, शोभेची काच आहे. डब्यातून माल निवडताना मी आता एवढंच बघतो.

नोकिया ५११० (१९९८) आणि ३३१० (२०००) या दोघांचे डिस्प्ले ८४ बाय ४८ ठिपक्यांचे. त्यांच्याशी बोलायचं ते फिलिप्सच्या पीसीडी८५४४ या कंट्रोलरच्या भाषेत. या चिपची डेटाशीट खुली आहे, तयार लायब्रऱ्या आहेत आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती इतकी वापरली आहे की अडलात तर उत्तर मिळतंच. पहिला डिस्प्ले हाच घ्या.

टॉर्चवाला नोकिया ११०० (२००३) आपल्याकडे घरोघरी होता, त्यामुळे भंगारातही मुबलक सापडतो. त्याचा डिस्प्ले ९६ बाय ६५ चा. कंट्रोलर पीसीएफ८८१४. इथे एक वेगळेपण आहे: एकेक बाइट आठ बिटांचा न जाता नऊ बिटांचा जातो आणि पहिला बिट सांगतो की मागून येणारी वस्तू हुकूम आहे की चित्र. दुसऱ्या प्रयत्नासाठी उत्तम.

नोकिया ६१०० चा रंगीत १३२ बाय १३२ डिस्प्ले एकेकाळी हौशी लोकांत फार गाजला. पण त्याच आकाराच्या काचेवर कधी एप्सनची चिप, कधी फिलिप्सची. दोघींचे हुकूम वेगळे. फोनचं मॉडेल सारखं म्हणून डिस्प्लेही सारखाच असेल असं धरून चालू नये, हे अनेकांना या डिस्प्लेने शिकवलं.

मग येतात 'चायना फोन', म्हणजे स्वस्त रंगीत बटनवाले. हे ढिगाने मिळतात आणि त्यांच्याकडे आपण पुढे स्वतंत्रपणे येऊ.

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे नवा ५११० मॉड्यूल छोट्या पीसीबीवर लावलेला, पिना काढलेला मिळतो. भंगारातला उघडण्याआधी असा एक घेऊन कोड चालवून ठेवा. मग जुना डिस्प्ले दिसला नाही तर निदान चूक कोडमध्ये नाही, एवढं पक्कं राहतं.

घेण्याआधी आणि उघडण्याआधी

फोन चालू होत असेल तर डिस्प्ले आधी फोनमध्येच बघा. उभ्या-आडव्या रेघा गायब असतील किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल तर सोडून द्या. पाठीमागचा उजेड नसेल तर चालेल, तो आपण देऊ शकतो.

सिमकार्ड आत राहिलं असेल तर दुकानदाराला परत द्या. बॅटरी सगळ्यात आधी काढा. फुगलेली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. काच फुटून आतला चिकट द्रव बोटाला लागला तर साबणाने हात धुवा. पाऱ्याची भीती फोनच्या डिस्प्लेत नाही. तो जुन्या लॅपटॉपच्या नळीवाल्या स्क्रीनमध्ये असायचा.

हत्यारं फार लागत नाहीत: टी६ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स (दुकानात 'पेस्ट' म्हणून मागा), मोबाइलवाले वापरतात ती केसाएवढी जंपर वायर, मल्टिमीटर आणि कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळी चिकटपट्टी). भिंग असेल तर फारच बरं. चाळिशी ओलांडलेल्यांनी भिंगाशिवाय सुरुवातच करू नये, हा अनुभवाचा सल्ला.

३३१० उघडताना

पुढचं कव्हर निघालं की धातूची एक चौकट दिसते. ती टॉर्क्स स्क्रूंनी बोर्डावर आवळलेली असते. स्क्रू काढले की चौकट, तिच्यात बसलेला डिस्प्ले आणि कीपॅडचा भाग एकत्र वर येतो. डिस्प्लेच्या मागे आठ स्प्रिंगसारखे सोनेरी संपर्क दिसतील. फोनमध्ये हे नुसते बोर्डावरच्या पट्ट्यांवर दाबून बसलेले असतात, सोल्डर केलेले नसतात. आपल्या दृष्टीने ही मोठी सोय.

एक गोष्ट लक्षात घ्या: ३३१० चा हिरवा उजेड डिस्प्लेत नसतो. ते एलईडी फोनच्या बोर्डावर असतात. डिस्प्ले निघाला की उजेड मागेच राहतो. मी पहिल्या खेपेला अर्धा तास 'बॅकलाइटची पिन' शोधत होतो.

आठ संपर्कांचा क्रम असा: पहिला वीजपुरवठा, दुसरा क्लॉक, तिसरा डेटा, चौथा डेटा की हुकूम ते सांगणारा, पाचवा चिप सिलेक्ट, सहावा ग्राउंड, सातवा व्हीआउट, आठवा रिसेट. आता पहिला कुठल्या टोकाचा? इथेच लोक डिस्प्ले जाळतात. उपाय सोपा आहे. मल्टिमीटर बीपवर ठेवा. फोनच्या बोर्डावर डिस्प्लेचे संपर्क जिथे टेकतात त्या पट्ट्यांपैकी कुठली पट्टी धातूच्या शिल्डशी (चिपांवरच्या झाकणाशी) बीप देते ते बघा. तो ग्राउंड. एका टोकाकडून तो सहावा आणि दुसऱ्या टोकाकडून तिसरा येईल. ज्या टोकाकडून सहावा, ते पहिल्या पिनचं टोक. चौकट उचलण्याआधी कडेला मार्करने ठिपका केलात तर डिस्प्ले उलटा झाल्यावर डावं-उजवं चुकत नाही. बोर्ड हरवला असेल, नुसता डिस्प्लेच हाती असेल, तर मोठ्या आकाराचा स्पष्ट फोटो शोधून ताडून बघा. अंदाजाने वीज देऊ नका.

सोल्डर करताना संपर्काला आधी फ्लक्सचा थेंब, मग आयर्नच्या टोकावर किंचित सोल्डर घेऊन एक सेकंद टेकवा आणि उचला. दोन सेकंद झाले तर खालचं प्लास्टिक मऊ पडून संपर्क तिरका होतो. जंपर वायरवर वार्निशचा थर असतो. टोक पाच मिलिमीटर खरवडून, सोल्डर चढवून मगच जोडा. आठही वायरी जोडून झाल्या की प्रत्येक शेजारच्या जोडीत बीप नाही ना ते तपासा. मग वायरींवर कॅप्टॉन टेपची पट्टी ओढून घ्या, नाहीतर पहिल्याच ओढीत एक तरी सुटते. वायरींची दुसरी टोकं एका छोट्या व्हेरोबोर्डवर (भोकांच्या तयार पीसीबीवर) आणून तिथून आठ पिनांची हेडर काढली की निम्मी डोकेदुखी संपली.

सातव्या पिनेला आपल्याला काही पाठवायचं नसतं, पण तिला विसरूनही चालत नाही. ठिपके काळे करायला काचेला तीन व्होल्ट पुरत नाहीत, सहाच्या आसपास लागतात. ते कंट्रोलर स्वतः आतल्या आत तयार करतो आणि त्यासाठी त्याला व्हीआउट ते ग्राउंड असा १ ते १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर हवा असतो. इलेक्ट्रोलिटिक वापरलात तर अधिक टोक व्हीआउटला. फोनमध्ये हा कपॅसिटर बोर्डावर असतो, त्यामुळे तोही उजेडासारखाच मागे राहून जातो. 'सगळं बरोबर जोडलंय, काहीच दिसत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हाच निघतो.

वीज आणि जोडणी

पीसीडी८५४४ ला २.७ ते ३.३ व्होल्ट चालतात. आर्डुइनो उनोच्या पिना ५ व्होल्टच्या. तरीही थेट जोडून 'चालतं की' म्हणणारे भेटतील, पण त्यांचा डिस्प्ले तुमच्या डिस्प्लेपेक्षा नवा असतो. उनोच वापरायचा असेल तर क्लॉक, डेटा, हुकूम, सिलेक्ट आणि रिसेट या पाचही वायरींवर १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक लावा. पाचाचे सव्वातीन-साडेतीनच्या मध्ये, म्हणजे ३.३३ व्होल्ट होतात. मला हा दहा रेझिस्टरांचा पसारा नको वाटतो. मी ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको घेतो, हेही उनोसारखेच छोटे बोर्ड. दोन्हीच्या पिना मुळात ३.३ व्होल्टच्या, सरळ जोडा आणि मोकळे व्हा.

ईएसपी३२ वर माझी जोडणी अशी असते: क्लॉक १८ ला, डेटा २३ ला, सिलेक्ट ५ ला, डेटा-हुकूम २१ ला, रिसेट २२ ला. वीज बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनेवरून. हा डिस्प्ले एक मिलिअँपिअरहूनही कमी करंट घेतो, तेव्हा वेगळ्या पुरवठ्याची गरज नाही. क्लॉकचा वेग चार मेगाहर्ट्झच्या आत ठेवा. हाताने जोडलेल्या लांब वायरींवर मी एकच ठेवतो. ८४ बाय ४८ ठिपक्यांना तेवढा पुष्कळ झाला.

पहिला शब्द बोलायला लावणं

लायब्ररी घालून दोन मिनिटांत मजकूर दाखवता येतो. पण एकदा तरी हुकूम हाताने पाठवून बघा. जेमतेम सहाच आहेत, आणि पुढे बिघाड शोधताना तेच कामी येतात.

वीज दिली की लगेच रिसेट पिन क्षणभर खाली (शून्य व्होल्टला) ओढून वर (३.३ ला) सोडा. ही टाळाटाळीची गोष्ट नाही. वीज मिळाल्यावर चिपच्या आत काय आकडे आहेत याचा भरवसा नसतो आणि रिसेट न दिल्यास चिपला इजा होऊ शकते, असं डेटाशीटच बजावते. मग डेटा-हुकूम पिन खाली ठेवून क्रमाने पाठवा (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीत लिहिलेला आकडा):

१. हेक्स २१ – विशेष हुकुमांचं दार उघडा
२. हेक्स बी० – कॉन्ट्रास्ट
३. हेक्स ०४ – तापमानाची दुरुस्ती
४. हेक्स १४ – बायस
५. हेक्स २० – नेहमीच्या हुकुमांकडे परत
६. हेक्स ०सी – चित्र दाखव

यातला दुसरा हुकूम सगळ्यात जास्त छळतो. बी० ला काचेवर सुमारे ५.९ व्होल्ट जातात, आणि आकडा एकाने वाढवला की ०.०६ व्होल्टची भर पडते. जुन्या काचा एकसारख्या नसतात. एकीला बी० पुरतं, दुसरी बी८ पर्यंत काही दाखवत नाही. म्हणून पहिल्या चाचणीत बी० ते बीएफ असं दर सेकंदाला एक चढत जाणारं छोटं लूप लिहा आणि डोळे लावून बसा. कुठेतरी राखाडी सावली उमटेल, मग स्पष्ट होईल, मग सगळा डिस्प्ले काळा पडेल. स्पष्ट दिसलेला आकडा डिस्प्लेच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा.

डिस्प्ले कोराच राहिला तर हेक्स ०९ पाठवा. हा हुकूम मेमरीत काय आहे ते न बघता सगळे ठिपके काळे करतो. काळा झाला म्हणजे वायरी, वीज, कपॅसिटर सगळं ठीक आहे, चूक तुमच्या चित्र पाठवण्यात आहे. तरीही कोरा असेल तर व्हीआउटवर मल्टिमीटर लावा. तिथे सहाच्या आसपास दिसायला हवं. तीनच दिसत असेल तर हुकूम पोचलेले नाहीत: सिलेक्ट आणि डेटा-हुकूम यांची अदलाबदल झाली आहे का बघा. आणि पडद्यावर मुंग्यांसारखा कचरा दिसला तर आनंद माना! मेमरीत सुरुवातीला काहीही असतं, तेच दिसतंय. ५०४ वेळा शून्य पाठवा, पाटी कोरी होईल.

५०४ कशावरून? हा डिस्प्ले आडव्या सहा पट्ट्यांत विभागला आहे. प्रत्येक पट्टी आठ ठिपके उंच. एक बाइट म्हणजे एका स्तंभातले उभे आठ ठिपके, सगळ्यात वरचा ठिपका सगळ्यात लहान बिट. ८४ स्तंभ गुणिले सहा पट्ट्या, झाले ५०४ बाइट. इंग्रजी अक्षरं पाच स्तंभांची आणि एक मोकळा, म्हणजे ओळीत १४ अक्षरं, सहा ओळी.

त्यावर मराठी

इंग्रजीत 'टँक ७५' लिहून झाल्यावर घरच्यांनी विचारलं, हे मराठीत का नाही? रास्त प्रश्न होता. काही लायब्रऱ्यांत देवनागरी अक्षरसंच मिळतो, पण अक्षरं सुटी येतात, जोडाक्षर होत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला बसते. शिवाय आठ ठिपक्यांच्या उंचीत वरची मात्रा, शिरोरेघ, अक्षर आणि खालचा उकार मावणं अशक्य. म्हणून दोन पट्ट्या मिळून १६ ठिपक्यांची ओळ धरायची. तीन ओळी मिळतात आणि घरगुती कामाला तेवढ्या बास होतात.

मी अक्षरसंच न करता शब्दच चित्र म्हणून काढले. चौकटीचा कागद घ्या, १६ चौकटी उंच. वरच्या पाच ओळी वेलांटी-मात्रांना, सहावी ओळ शिरोरेघेची, सातवी ते चौदावी अक्षराच्या अंगाची, खालच्या दोन उकारांना. 'टाकी' हा शब्द पेन्सिलीने भरला तर तीसेक स्तंभांत छान बसतो. मग स्तंभ वरून खाली वाचत जायचं: वरच्या आठ चौकटींचा एक बाइट, खालच्या आठांचा दुसरा.

इथे एक गंमत आहे. शिरोरेघ सहाव्या ओळीत, म्हणजे वरच्या बाइटमधला ३२ किमतीचा बिट. शब्दाच्या पहिल्या स्तंभापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक वरच्या बाइटमध्ये तो बिट असणारच. तेव्हा कागदावर शिरोरेघ भरूच नका. नुसती अक्षरं भरा आणि पाठवताना वरच्या प्रत्येक बाइटला हेक्स २० चा 'ऑर' द्या, म्हणजे तेवढा बिट चालू होतो. रेघ आपोआप, सलग, एका सरळीत येते. शाळेत आधी अक्षरं काढून मग वरून रेघ ओढायचो, अगदी तसंच. तीन ठिपके उभी रेघ, दोन आडवे असं करत 'रिकामी', 'अर्धी', 'भरली' एवढे शब्द मी एका रविवारी काढले. आकडे शून्य ते नऊ वेगळे काढून ठेवले की टक्केवारी कुठेही चिकटवता येते.

उजेडासाठी डिस्प्लेच्या मागे ट्रेसिंग पेपरचा तुकडा आणि कडेने दोन पांढरे एलईडी लावले. थेट मागून लावलात तर मध्ये टिकलीसारखा ठिपका दिसतो. कडेने उजेड सोडून पसरू द्यायचा, हीच युक्ती फोनमध्येही असते.

रंगीत चायना फोन

आता जरा चढ आहे. या डिस्प्लेला मागून पिवळसर लवचीक पट्टी असते आणि ती बहुतेक वेळा बोर्डावर थेट सोल्डर केलेली असते. ओढायची नाही. पट्टीवर फ्लक्स पसरा, आयर्नवर जरा जास्त सोल्डर घेऊन सगळ्या पिनांवरून मागे-पुढे फिरवा. सगळं एकदम वितळलं की पट्टी स्वतःहून सुटते, चिमट्याने फक्त उचला. मी पहिली पट्टी घाईत ओढली आणि तांब्याच्या चार रेघा बोर्डावरच राहिल्या. तो डिस्प्ले गेला.

पट्टीवर छापलेला क्रमांक असतो. तो इंटरनेटवर जसाच्या तसा शोधा. नशीब असेल तर पिनांची यादी मिळते. नसेल तर मल्टिमीटर घेऊन बसा. फोनच्या बोर्डावर शिल्डशी बीप देणाऱ्या सगळ्या पिना ग्राउंड. मग मल्टिमीटर डायोडवर ठेवून पिनांच्या जोड्या तपासा. कुठेतरी पांढरा उजेड मंद लुकलुकला तर बॅकलाइट सापडला. मीटरचा व्होल्टेज पुरत नसेल तर ५ व्होल्टला १ किलोओहम जोडून तेच करा. फोन अजून चालू होत असेल तर डिस्प्ले काढण्याआधीच पिनांवरचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवलेले सगळ्यात चांगले. २.८ दिसेल ती वीज, कधी जोडीला १.८ असते. ती दिसली तर सिग्नलही १.८ चेच द्यावे लागतात, नवख्याने असा डिस्प्ले बाजूला ठेवावा.

बॅकलाइटमध्ये दोन-चार पांढरे एलईडी शेजारी-शेजारी असतात. प्रत्येकाला तीन व्होल्टच्या जरा वर लागतात. ५ व्होल्टवरून द्यायचे तर प्रत्येक एलईडीला १२० किंवा १५० ओहम घाला, १५ मिलिअँपिअरच्या आत राहाल. बिनरेझिस्टरचं जोडू नका, एक सेकंदसुद्धा.

या डिस्प्लेवर आयएलआय९३४१, एसटी७७८९, एसटी७७३५ असे कंट्रोलर वारंवार भेटतात. बोलण्याची तऱ्हा दोन प्रकारची: एकतर पाचएक वायरींवरची सीरियल, नाहीतर आठ डेटा वायरी आणि त्यांच्या जोडीला लिही-वाच-निवड करणाऱ्या पिना. पट्टीवर 'आयएम' नावाच्या पिना बाहेर काढलेल्या असतील तर त्या वर-खाली करून तऱ्हा निवडता येते.

कंट्रोलर कुठला ते त्यालाच विचारता येतं. आयएलआय९३४१ ला हेक्स डी३ पाठवून उत्तर वाचलं तर त्यात ९३ आणि ४१ हे बाइट येतात. एसटी७७८९ ला हेक्स ०४ विचारलं की ८५ ८५ ५२ असं उत्तर येतं. आठ वायरींच्या डिस्प्लेसाठी एमसीयूफ्रेंड लायब्ररीत हे वाचून दाखवणारं उदाहरण तयार आहे.

सुखाची बाब अशी की या कुटुंबातले मूळ हुकूम सारखे आहेत. रिसेट, मग हेक्स ११ पाठवून झोपेतून उठवा आणि १२० मिलिसेकंद थांबा. मग हेक्स ३ए आणि त्यामागे ५५, म्हणजे एका ठिपक्याला १६ बिट. मग हेक्स २९, पडदा उघड. हेक्स २ए ने स्तंभ, २बी ने ओळी ठरवा आणि २सी नंतर रंग ओतत जा. लाल पाठवून निळा दिसला तर हेक्स ३६ मधला ८ किमतीचा बिट बदला. सगळं निगेटिव्हसारखं उलटं दिसलं तर हेक्स २१.

उनोवर यात फार अपेक्षा ठेवू नका. २४० बाय ३२० च्या एका चित्राला १,५३,६०० बाइट लागतात आणि उनोकडे आहेत २,०४८. थोडं थोडं पाठवत राहिलात तर चालतं, पण पडदा झाडू मारल्यासारखा वरून खाली पुसला जाताना दिसतो. ईएसपी३२ घ्या.

आणि ती मोठी स्क्रीन?

स्मार्टफोनच्या स्क्रीनशी बोलायची भाषा म्हणजे एमआयपीआय डीएसआय. त्यात वायरींच्या जोड्यांवरून अतिशय वेगाने डेटा धावतो. साध्या ईएसपी३२ ला किंवा पिकोला ती येत नाही. रास्पबेरी पायवर डीएसआयचं कनेक्टर आहे, पण त्या विशिष्ट पॅनेलला जागं करणारे हुकूम ठाऊक हवेत आणि कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्रायव्हर हवा. पॅनेल बनवणारे ते हुकूम सहसा देत नाहीत. अमोलेड असेल तर आणखी दोन-तीन वेगवेगळे व्होल्टेज ठरलेल्या क्रमाने द्यावे लागतात. काही मोजक्या पॅनेलसाठी एचडीएमआयवरून चालवणारे बोर्ड विकत मिळतात. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरमध्ये असेच पॅनेल वापरतात. पण तुमच्या हातातलं पॅनेल त्या यादीत असण्याची शक्यता कमी.

तरी ती फेकू नका. एलसीडी असेल तर मागचा बॅकलाइट वेगळा काढा. पांढरी चादर, भिंगासारख्या पट्ट्या आणि कडेची एलईडीची माळ मिळून सुरेख, सपाट दिवा होतो. एलईडी एकामागोमाग जोडलेले असल्याने सहा एलईडींना १८ व्होल्टच्या पुढे लागतात. छोटा बूस्ट मॉड्यूल वापरा आणि करंट २० मिलिअँपिअरच्या आत ठेवा. काचेच्या दोन्ही बाजूंची राखाडी फिल्म म्हणजे पोलरायझर. ती कोपऱ्यातून हळूहळू सोलून काढा. दोन तुकडे काटकोनात धरून मध्ये प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ठेवली की पट्टीत इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात: साच्यात ओतताना प्लास्टिकवर जिथे ताण राहिला तिथे. विज्ञान प्रदर्शनाला याहून स्वस्त प्रयोग नाही.

३३१० च्या डिस्प्लेलाही हाच पोलरायझर एक काम करून देतो. जुन्या काचेवरची फिल्म पिवळी पडली किंवा ओरखडली असेल तर ती सोलून नवी लावता येते. लावण्याआधी तुकडा काचेवर धरून फिरवून बघा. एका दिशेने आकडे काळे दिसतात, ९० अंश फिरवला की पाटी काळी आणि आकडे पांढरे. माझ्या ओट्यावरचा मी दुसऱ्या तऱ्हेने लावला आहे. रात्री पाणी प्यायला उठलं की दिवा न लावता 'अर्धी' एवढं दिसतं.